कण लागला की उमासा : पातळ खाण्याकडून हातात धरून खाण्याकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ नऊ महिन्यांचं आहे. सहाव्या महिन्यापासून मिक्सरमध्ये एकजीव केलेलं सगळं आवडीनं खातं. त्यात जरा कण राहिला की मात्र उमासा येतो, कधी कधी आधीचं पोटातलंही बाहेर पडतं. खालचे दोनच दात आले आहेत. घरात कुणी म्हणतं, दात येईपर्यंत थांबा. कुणी म्हणतं, तेच खाणं रोज थोडं जाडसर करत न्या. आईच्या मनात घास अडकण्याची धास्ती, त्यामुळे शेवटी रोज मिक्सरच फिरतो. आता पुढे काय करायचं?

घरातली दोन्ही मतं मी बाजूला ठेवेन. दातांसाठी थांबायची गरज नाही, हे आपण पुढे पाहू. जाडसर करत नेण्याचा सल्ला मात्र इतका सर्रास दिला जातो की त्याबद्दल आधी बोलतो. लहान मुलांच्या चावण्या-गिळण्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी बरीच घरं नेमकी याच वाटेवर अडलेली असतात. गुळगुळीत खाण्यात लपलेला कण ही बाळासाठी सोपी पायरी वाटते, पण ती सगळ्यात अवघड पायऱ्यांपैकी एक आहे.

कारण जिभेत आहे. दूध पिताना आणि चमच्यानं पातळ खाताना बाळाची जीभ पुढे-मागे हलते. तोंडात आलेलं ती मधल्या मधे मागे ढकलते आणि बाळ ते गिळतं. चावायला वेगळी हालचाल लागते: जिभेनं घास बाजूला, हिरड्यांवर न्यायचा, तिथे जबड्यानं तो चेंगरायचा आणि मग गोळा करून मागे आणायचा. आता पातळ खाण्यात एक कण आहे असं समजा. बाळाला तो दिसलेला नाही, हाताला लागलेला नाही. पातळ खाणं आलं म्हणून जीभ नेहमीच्या रस्त्यानं सगळं मागे लोटते आणि तो कण थेट जिभेच्या मागच्या भागावर जाऊन टेकतो. तिथे उमासा ठरलेलाच. पातळातून कण वेगळा काढायचा, तो बाजूला धरून ठेवायचा आणि पातळ तेवढं गिळायचं, हे काम एक-दीड वर्षाच्या मुलालाही जड जातं. दुधात बुडवलेले पोह्यासारखे तुकडे, फोडी तरंगणारं सूप, हे पदार्थ म्हणूनच अगदी शेवटी.

याउलट बाळाच्या मुठीत मऊ शिजलेली गाजराची बोटभर लांब काडी द्या आणि नीट बघा. आधी ते ती दाबतं, नाकाजवळ नेतं, चाटतं. मग बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालतं. काडी गालाच्या बाजूला हिरडीला टेकली की जीभ आपोआप तिकडे वळते. जिभेच्या कडेला स्पर्श झाला की त्या बाजूला वळण्याची ही ओढ बाळाला जन्मतः असते. जबडा दोन-तीनदा वरखाली होतो, एक लगदा सुटतो, आणि जीभ तो आधीच बाजूला सापडलेला असल्यामुळे तिथेच घोळवते. चावण्याचा पहिला धडा हा असा असतो. चमच्यानं आपण तो देऊ शकत नाही, कारण चमचा नेहमी मधोमध जातो. म्हणून चमच्यातलं खाणं आहे तसंच राहू द्या आणि त्याच्या शेजारी हातात धरायचं मऊ खाणं आजपासून सुरू करा. दोन्ही एकाच ताटात, पण एकमेकांत न मिसळता.

दातांचं म्हणाल, तर पुढचे दात तुकडा तोडण्यासाठी असतात. अन्न चेंगरायच्या दाढा साधारण तेराव्या महिन्यानंतरच दिसू लागतात, कित्येक मुलांना दीड वर्षापर्यंत. तोवर हिरड्याच काम करतात आणि चांगलं करतात. बाळाच्या तोंडात ज्यानं कधी बोट घातलं असेल त्याला हे सांगायला नको.

आणि थांबण्याची एक किंमत आहे. ब्रिटनमध्ये ऍव्हन भागातल्या हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. त्यात ज्यांना कणीदार किंवा घट्ट अन्न दहाव्या महिन्यानंतर पहिल्यांदा मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सहा ते नऊ महिन्यांत सुरुवात केलेल्या मुलांपेक्षा जास्त आढळल्या. याच मुलांकडे सात वर्षांची असताना पुन्हा पाहिलं, तेव्हाही उशिरा सुरुवात झालेली मुलं फळं-भाज्या कमी खात होती. अशा अभ्यासातून उशीर हेच एकमेव कारण ठरत नाही. काही मुलांना आधीपासूनच त्रास होत असेल आणि म्हणून उशीर झाला असेल. तरी माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. नऊ महिन्यांचं बाळ नवीन काहीही तोंडात घालायला तयार असतं, दीड वर्षाचं मूल नसतं. तुमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे.

आता भीतीबद्दल. उमासा आणि घास अडकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातला फरक डोळ्यांत बसला की अर्धी लढाई संपते. उमाशात बाळ आवाज करतं. जीभ बाहेर येते, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, ओ-ओ करून तुकडा पुढे ढकलला जातो. मोठ्या माणसांत उमासा उठवणारी जागा जिभेच्या पार मागे असते, बाळांत ती बरीच पुढे असते. म्हणजे घास श्वासनलिकेपासून लांब असतानाच शरीर त्याला अडवतं. हे रक्षण आहे. तुकडे तोंडात हाताळण्याचा सराव होतो तशी ही जागा मागे सरकत जाते. खोकला किंवा ठसका आला तरी बाळ स्वतः झगडतं आहे, हवा आत-बाहेर होते आहे. तेव्हा शांत राहा, पाठीवर थापट्या मारू नका, तोंडात बोट तर मुळीच घालू नका, त्यानं तुकडा आत जाण्याची भीती असते. घास खरोखर अडकतो तेव्हा मात्र शांतता असते. रडणं नाही, खोकला नाही किंवा अगदी दुबळा, चेहऱ्यावर घाबरलेपण, ओठ निळसर. ज्या खोलीत बाळ खातं तिथे मोठं माणूस कायम हवं, ते याच्यासाठी. अडकलेला घास शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही.

स्वतःच्या हातानं खाणारी बाळं जास्त गुदमरतात का, याची न्यूझीलंडमध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोणते पदार्थ धोक्याचे हे पालकांना नीट समजावलेलं असताना हातानं खाणारी आणि चमच्यानं भरवलेली बाळं, अशा दोन्ही गटांत घास अडकण्याचं प्रमाण सारखंच निघालं. हातानं खाणारी बाळं सहाव्या महिन्यात जास्त उमासे काढत होती, आठव्या महिन्यात कमी. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांना धोक्याचे पदार्थ दिले जात होतेच. म्हणजे भरवण्याच्या पद्धतीपेक्षा ताटात काय आहे, ते कसं कापलं आहे, याकडे लक्ष हवं.

खाणं सुरू करण्याआधी बसण्याची जागा बघा. पाठ ताठ, ढुंगण मागे टेकलेलं, गुडघे वाकलेले आणि पायांखाली काहीतरी घट्ट. पाय लोंबकळत असले की बाळाची अर्धी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि तोंडाच्या बारीक हालचालींना ती उरत नाही. खुर्चीला पायटेकू नसेल तर खोका बांधा. रेलून बसवून, चालत्या गाडीत किंवा रांगताना घट्ट खाणं नको. निव्वळ पायांखाली आधार दिल्यावर उमासे कमी झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी आई-वडिलांना ते पटायला वेळ लागतो.

तुमच्या बाळाला कणांची धास्ती बसली आहे, म्हणून पहिले काही दिवस त्याच्या हातात गिळायचं असं काहीच देऊ नका. लांब दांड्याचं चावायचं खेळणं किंवा बाळाचा मऊ चमचा त्याच्या आवडत्या पातळ खाण्यात बुडवून हातात द्या. त्याला तो गालाच्या बाजूनं घालू द्या. मधोमध घालत असेल तर हलक्या हातानं दांडा जरा तिरका करा. हिरड्यांवर चावायची सवय आणि आपल्या हातानं तोंडात घातलेल्या वस्तूवर विश्वास, एवढंच इथे मिळवायचं आहे. काही जण यासाठी कच्चं गाजर सुचवतात. मी सुचवत नाही, कारण दोन दातही त्याचा कडक टवका काढू शकतात.

मग मऊ काड्या. तुमच्या बोटाएवढ्या लांब आणि जाड, कारण या वयात बाळ पूर्ण मुठीनं धरतं आणि मुठीबाहेर जे उरतं तेवढंच खातं. छोटे तुकडे सुरक्षित वाटतात, पण मुठीत गेलेला छोटा तुकडा त्याला बाहेर काढताच येत नाही, मग ते चिडतं. मऊपणाची परीक्षा सोपी आहे: अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबलं की तुकडा सपाट झाला पाहिजे. जोर लावावा लागला तर पुन्हा शिजवा. गाजर, बटाटा, रताळं, भोपळा, फुलकोबीचा देठासकट तुरा, पिकलेलं नाशपाती, वाफवलेलं सफरचंद, पूर्ण शिजलेल्या आमलेटच्या पट्ट्या, काटे काढलेला मासा, हे सगळं चालतं. केळं बोटानं मधोमध दाबलं की त्याच्या लांबीत तीन फाकी आपोआप सुटतात. एक फाक हाताला अगदी बरोबर बसते. निसटत असेल तर केळं अर्धं सालीसकट ठेवा, साल धुऊन, ती मूठ म्हणून उपयोगी पडते. बुळबुळीत फळाला ओटच्या बारीक पिठात घोळवलं तरी पकड येते.

पहिल्या आठवड्यात पोटात जवळजवळ काही जात नाही. दाबणं, फेकणं, केसांना लावणं, थुंकणं हेच चालतं. याचा वैताग येतो, मान्य. खाली जुनी चादर अंथरा. पण दर घासाला तोंड-हात पुसत बसू नका. कणांना घाबरणाऱ्या मुलांना आधी हाताला ओलं-चिकट सहन व्हावं लागतं, मग ओठांना, मग जिभेला. हात सारखे पुसले जाणारं मूल शिकतं की चिकट म्हणजे वाईट.

काड्यांवर बाळ रमलं आणि लगदा बाजूला घोळवताना दिसलं की तोंडात चटकन विरघळणारा एखादा छोटा तुकडा, लहान मुलांसाठीच्या विरघळणाऱ्या कुरकुरीसारखा, तुम्हीच त्याच्या मागच्या हिरडीवर ठेवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याआधी तो स्वतःच्या तोंडात ठेवून बघा. न चावता विरघळला नाही तर तो या कामाचा नाही. नऊ-दहा महिन्यांच्या आसपास बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू उचलायला लागतं. मगच वाटाण्याएवढे मऊ तुकडे ताटात टाका: शिजवून चेचलेली कडधान्यं, चिकट भाताचे छोटे गोळे, पावाचे भाजलेले तुकडे, बारीक तंतू केलेलं मांस. ताज्या मऊ पावाचा तोंडात चिकट गोळा होतो, म्हणून भाजलेला बरा. एका वेळी दोन-तीन तुकडेच ठेवा. ढीग दिसला की बाळं गाल भरून घेतात.

चमच्याचं खाणं या काळात बंद करू नका, फक्त मिक्सर हळूहळू बाजूला ठेवा. पातळात कण सोडण्याऐवजी सगळंच काट्यानं चेचून घट्ट आणि एकसारखं खडबडीत करा. चमचा उलटा केला तरी पडू नये इतकं घट्ट. एकसारखा पोत जीभ ओळखते. तिला फसवणूक वाटते ती अचानक आलेल्या कणाची.

काय देऊ नये, हे मात्र काटेकोर पाळा. अख्खी द्राक्षं आणि छोटे टोमॅटो यांच्या लांबीत चार फाकी करायच्या. अख्खे दाणे आणि सुकामेवा, मक्याच्या लाह्या, कडक गोळ्या, कच्च्या सफरचंदाचे आणि गाजराचे तुकडे, सॉसेजच्या गोल चकत्या, चीजचे चौकोनी तुकडे, चमचाभर घट्ट शेंगदाण्याचं लोणी, यांपैकी काहीही नको. गोल, कडक किंवा चिकट वस्तू श्वासनलिकेत बुचासारखी बसते. अख्खे दाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत लांबच ठेवा. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, अगदी बोटाला लावूनही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा मज्जातंतूंना लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. मीठ आणि साखर वरून घालू नका.

शेंगदाणा आणि अंडं मात्र ऍलर्जीच्या भीतीनं लांबवू नका, रूप तेवढं बदला: शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पातळ करून कशात तरी मिसळून, अंडं पूर्ण शिजवून. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप या अभ्यासात ऍलर्जीचा मोठा धोका असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांपासून नियमित शेंगदाणा दिला गेला आणि पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्यात शेंगदाण्याची ऍलर्जी न दिलेल्यांपेक्षा ८० टक्क्यांच्या आसपास कमी आढळली. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ऍलर्जी माहीत असेल तर हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.

हातातल्या खाण्याच्या नादात लोह विसरलं जातं. बाळ जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरतो, दुधातून फारसं मिळत नाही. फळं-भाज्यांच्या काड्या दिसायला छान असतात, पण त्यांवर भागत नाही. मांस, मासे, अंडं, कडधान्यं यांपैकी काहीतरी रोज असू द्या, आणि वनस्पतींमधलं लोह अंगी लागावं म्हणून सोबत ‘क’ जीवनसत्त्वाचं फळ.

भुकेनं कळवळलेलं बाळ नवीन काही शिकत नाही, दुधानं तुडुंब भरलेलंही नाही. दूध आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपा. फोन समोर धरून भरवलेला घास पोटात जातो, पण त्याकडे बाळाचं लक्ष नसतं, त्यामुळे चावण्याचा सराव होत नाही. त्यापेक्षा तुम्ही समोर बसून तोच पदार्थ खा, तोंड मोठं हलवून, गालातल्या गालात चावताना दाखवून. थोडं नाटकी वाटतं, पण बाळ टक लावून बघतं. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी मी सगळ्यांना सांगतो: काय द्यायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे बाळानं. आज थुंकलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा ठेवा. आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा समोर आल्यावरच कित्येक बाळं एखादी चव स्वीकारतात. उमासा आला की ताट उचलू नका. हसून पाणी द्या, मिनिटभर थांबा, बाळ पुन्हा हात घालतं का बघा. तुमच्या चेहऱ्यावरची भीती त्याला आधी दिसते.

घास खरंच अडकला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकानं प्रत्यक्ष प्रशिक्षणात शिकावं; वाचून हात तयार होत नाही. रूपरेषा अशी: एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आधारलेला. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मुळानं ५ थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली ५ वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हेच आळीपाळीनं चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. पोटावर दाब द्यायचा नाही; एवढ्या लहान बाळाच्या पोटातल्या अवयवांना इजा होऊ शकते. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं, सुरू करा.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून हे मला शिकण्याच्या वयातलं नेहमीचं अडखळणं वाटतं. काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. पातळ पितानाही दर वेळी ठसका लागणं, खाल्ल्यावर आवाज घशात पाणी असल्यासारखा घरघरणं, वारंवार छातीत कफ किंवा न्यूमोनिया, वजन न वाढणं, उमासा फक्त खाण्याच्या वासानं किंवा नुसत्या हाताला लागण्यानं येणं, आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडणं, यांपैकी काही असेल तर घरचे प्रयोग थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. सात आठवडे आधी आलेलं नऊ महिन्यांचं बाळ खाण्याच्या बाबतीत साधारण साडेसात महिन्यांचं धरावं लागतं. यांपैकी काहीच नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे सहा-आठ आठवडे नेटानं करून बघा. तेवढ्यातही बाळ हिरडीवर काही घेत नसेल तर चावण्या-गिळण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. जाताना एका संपूर्ण जेवणाचा व्हिडिओ न्या, तोंड आणि खुर्चीतले पाय दोन्ही दिसतील असा. दवाखान्यात परक्या खोलीत बाळं बहुधा तोंडच उघडत नाहीत, आणि त्या व्हिडिओत जे दिसतं ते आमच्यासाठी तासाभराच्या प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त उपयोगी असतं.